जुन्या मारुती ८०० चा क्लच बदलताय? मग फ्लायव्हीलकडं पण बघा

आपल्याकडं मारुती ८०० अजून गेलेली नाही. डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी गिऱ्हाईकाच्या हातात पडली, २०१४ ला कंपनीनं बनवणं बंद केलं, तरी मोंढ्यात जा नाहीतर तालुक्याच्या कोर्टासमोर उभं राहा, दोन-चार दिसतेतच. एखाद्या मास्तरांनी घेतलेली, मग त्यांच्या पोरानं वापरलेली, मग भाच्याला हात बसावा म्हणून दिलेली. अशा गाडीचा क्लच कधी ना कधी जाणारच, अन् मग गॅरेजवाला म्हणतो प्लेट टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा. प्लेट पडते, गाडी पळते, अन् काही महिन्यांत परत थरथर, परत वास, कारण गिअरबॉक्स उतरवलेला असताना फ्लायव्हीलवर कुणी नजरसुद्धा टाकलेली नसते. फ्लायव्हील म्हणजे इंजिनसोबत फिरणारी जड लोखंडी चकती, क्लच प्लेट तिच्यावरच घासते, ती चकतीच खराब असंल तर नवीन प्लेट टिकणार कशी?

हे काम घरी होतं. दोन मोकळे दिवस, हाताखाली एक माणूस अन् पाना धरायची सवय पाहिजे. गाडी हलकी आहे, इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडर, आडवं बसवलेलं, क्लच केबलवर, हायड्रॉलिकची भानगड नाही. शिकायला याच्यापेक्षा साधी गाडी मिळणं अवघड. खाली जे लिहिलंय ते ८०० धरून लिहिलंय, जुन्या अल्टोला पण बरंचसं लागू पडतं, पण बोल्ट किती आवळायचा वगैरे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, ऐकीव घेऊ नका.

आधी बघा, क्लचच गेलाय का

लै जण इथंच घाई करतेत. मांजरसुंब्याच्या घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलेटर दाबला, इंजिन ओरडायलंय पण गाडी पुढं जाईना, म्हणजे क्लच घसरायलाय हे खरं. पण घसरण्याचं पहिलं कारण केबल असू शकते. प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा प्ले कमी कमी होतो, हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं, त्यांना वाटतं झिजल्यावर प्ले वाढंल. तसं नसतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाची) बोटं रिलीज बेअरिंगकडं (पेडल दाबल्यावर ती बोटं ढकलणाऱ्या बेअरिंगकडं) सरकतेत, केबल ताणलेलीच राहते, अन् पाय न ठेवता पण क्लच अर्धवट दाबलेला राहतो. म्हणून आधी पेडल हातानं दाबून बघा, साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर अलगद जायला पाहिजे अन् मग कडक लागायला पाहिजे. प्लेच नसंल तर गिअरबॉक्सवरच्या आर्मजवळ केबलचं नट आहे, ते ढिलं करून प्ले द्या अन् गाडी चालवून बघा. घसरणं थांबलं तर तुमचे दोन दिवस वाचले. पण नटाचे आटे संपत आले असतील तर समजा प्लेट पण संपत आलीये.

उभ्या गाडीवर अजून एक चाचणी आहे. सपाट जागा, समोर कुणी नाही, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, वरचा गिअर टाका अन् क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय, इंजिन तसंच चालू राहिलं तर गेला. ही चाचणी एकदाच करायची. सारखी सारखी केली तर उरलीसुरली प्लेट पण जळून जाती.

आवाजावरून पण कळतं. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर आवाज बंद होत असंल अन् सोडल्यावर येत असंल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समधे जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, तो खर्च वेगळा. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतोय, गिअर पडंना, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, तिथं पण आधी केबल बघा, आपल्याकडच्या धुळीनं केबल आतून जाम होती अन् पेडल दगडासारखं लागतं. अन् गाडी उचलताना थरथरत असंल तर तीन संशयित आहेत, फ्लायव्हील, प्लेटवर आलेलं तेल, नाहीतर इंजिनचं फाटलेलं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्याच्यावर बसतं ते रबर. माउंटिंग बोनेट उघडून दोन मिनिटांत बघता येतं, त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका.

सामान

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र सेटमधे घ्या. प्लेट नवी अन् बेअरिंग जुनं असलं काही करू नका, शंभर-दोनशे वाचवायच्या नादात पुन्हा सगळी गाडी खोलायची पाळी येती. एक्सेडी, व्हॅलिओ, ल्युक, नाहीतर मारुतीचा जेन्युइन पार्ट, जे मिळंल ते, पण बिलावर घ्या. डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे, डब्बा हुबेहूब असतो, आतल्या प्लेटचे रिव्हेट वाकडेतिकडे अन् अस्तराच्या कडा तुटक्या असल्या तर परत करा. त्याच्यासोबत इंजिनच्या क्रँकचं (मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं सील, चाकांकडं जाणाऱ्या दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीलं, नवीन केबल अन् गिअर ऑइल. गिअर ऑइलवर जीएल-४ लिहिलेलं बघून घ्या, मॅन्युअलमधे जो ग्रेड दिलाय तो. जीएल-५ काही ठिकाणी दुकानदार सगळ्याला चालतंय म्हणून देतेत, पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते सोसत नाही.

हत्यारांत गोटी पान्याचा सेट, रिंग पाने, एक मोठी टॉमी (पहार), ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा टॉर्क पाना (भाड्यानं किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा, हा पाहिजेच), एक गाडी उचलायचा जॅक अन् एक गिअरबॉक्सखाली धरायचा, उचललेली गाडी टेकवायच्या दोन मजबूत लोखंडी घोड्या, लाकडाची फळी. क्लच मधोमध बसवायला प्लॅस्टिकची डमी शाफ्ट मिळती, नाहीतर भंगारातल्या गिअरबॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याच्यासारखं काहीच नाही.

उन्हाळ्यात करणार असाल तर पहाटेच सुरू करा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, दुपारी गाडीखाली झोपून लोखंडाला हात लावायचा म्हणजे शिक्षाच. अन् जागा पक्की पाहिजे, फरशी नाहीतर कोबा. काळ्या मातीवर घोडी लावू नका, वरून टणक दिसती पण जरा ओल लागली की घोडी खचती. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, घोड्या लावल्यावर गाडीला हातानं जोरात हलवून बघायचं, मगच खाली. मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका.

खोलायचं काम

बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली काढा, कारण पुढं स्टार्टर काढायचाय अन् त्याच्यावरची जाड वायर थेट बॅटरीची असती. मग गिअर ऑइल खालच्या बोल्टातून सोडा, गरम असताना लवकर उतरतं. तेलात चमचमणारा बारीक चुरा दिसला तर घाबरू नका, लोखंडाचे मोठे तुकडे दिसले तर मात्र थांबा अन् गिअरबॉक्स जाणत्या माणसाला दाखवा.

मग गिअरबॉक्सला जे जे चिकटलंय ते सोडवत जायचं. क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, अर्थिंगची पट्टी, गिअर लिव्हरचे दोन्ही रॉड, स्टार्टर. प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो काढा, अन् बोल्ट काढला की त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवा, नाहीतर डब्यात टाकून त्याच्यावर चिठ्ठी लावा. हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या खोक्याचे) बोल्ट एका लांबीचे नसतेत, लांब बोल्ट आखूड जागी गेला की ॲल्युमिनियमचं हाउसिंग फुटतं अन् मग वेल्डिंगवाला शोधत फिरा.

ड्राइव्ह शाफ्ट काढताना मधलं मोठं नट खोलायची गरज नाही. दोन्हीकडं खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढा, आर्म खाली दाबून जॉइंट मोकळा करा, चाकाचा सगळा भाग बाहेर ओढला की आतल्या टोकाला जागा होती. गिअरबॉक्स अन् जॉइंटच्या मधे टॉमी घालून एक झटका, आतली रिंग सुटून शाफ्ट बाहेर. रबरी बूट धरून ओढू नका, बूट फाटला की आत माती गेलीच म्हणून समजा. शाफ्ट तारेनं वर बांधून ठेवा, लोंबकळत सोडायचा नाही.

आता इंजिनला आधार. ऑइल पॅनखाली फळी ठेवून जॅक हलकासा टेकवा, उचलायचं नाही, नुसतं पेलून धरायचं. गिअरबॉक्सकडचं माउंटिंग काढा, हाउसिंगचे बोल्ट काढा, वरचे दोन शेवटी. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली. एकानं जॅक सांभाळायचा अन् दुसऱ्यानं गिअरबॉक्स हलवत हलवत इंजिनपासून सरळ बाजूला ओढायचा. सरळ म्हणजे सरळ, अर्धा सुटलेला गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लटकला की प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो अन् शाफ्टला पण मार बसतो. जुनी प्लेट तर फेकायचीच आहे पण शाफ्ट तोच राहणारय. अन् छातीवर घेऊन उतरवायची हौस करू नका, गॅरेजमधली पोरं करतेत म्हणून आपण पण करायचं असं काही नाही.

आत जी काळी धूळ दिसंल ती फुंकू नका, कंप्रेसरनं तर अजिबात उडवू नका. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात गेलं की आयुष्यभराचं दुखणं. ब्रेक क्लीनर मारून नाहीतर ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम एक-एक पूर्ण काढायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत गोल फिरायचं, नाहीतर आतल्या स्प्रिंगच्या ताणानं कव्हर वाकतं. शेवटचा बोल्ट काढताना एक हात खाली ठेवा, प्लेट पायावर पडती. जुनी प्लेट बघा, रिव्हेटच्या डोक्यावर अर्धा मिलिमीटर सुद्धा अस्तर उरलं नसंल तर ती संपली. प्लेट ओली असंल तर नुसती बदलून भागणार नाही, तेल कुठनं आलं ते शोधायलाच पाहिजे. बोटावर घेऊन वास घ्या, गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील गेलंय. नुसतं काळं जळकं तेल असंल तर इंजिनचं, म्हणजे मागचं क्रँक सील.

फ्लायव्हील

खरं काम इथंय. फडक्यानं पुसून फ्लायव्हील उजेडात तिरपं बघा, समोरून बघून काही कळत नाही. चांगल्या फ्लायव्हीलचा रंग सगळीकडं सारखा राखाडी असतो अन् त्याच्यावर बारीक गोल रेघा असतेत. खराब फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग दिसतेत, रुपयाच्या नाण्याएवढे, कधी एकमेकांना चिकटलेले. तिथं बिडाचं लोखंड जास्त तापून कडक झालेलं असतं. त्या डागावर नख फिरवा, बाजूच्या लोखंडापेक्षा जरा वर आलेला लागतो. तेच उंचवटे नवीन प्लेटला एका फेऱ्यात ठिकठिकाणी धक्का देतेत अन् गाडी उचलताना थरथरती. घाटात क्लचवर गाडी अडवून धरायची सवय, नाहीतर गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अर्ध्या क्लचवर तासभर सरकणं, हे डाग बहुतेक त्याचीच कमाई असती.

मग भेगा. उन्हात केसाएवढ्या रेघा मधून बाहेर गेलेल्या दिसतेत. वरवरच्या असतील अन् नख अडकत नसंल तर लेथवर जातील, नख अडकलं किंवा भेग बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली असंल तर फ्लायव्हील भंगार, त्याच्यावर अजून पैसा घालू नका. मिनिटाला हजारो फेरे फिरणारं वजनदार लोखंड आहे ते, फुटलं तर हाउसिंग फोडून बाहेर येतं, तुमचे पाय तिथून फार लांब नसतेत. तिसरं म्हणजे खोबणी, रिव्हेट घासून पडलेली. चौथं रिंग गिअर, स्टार्टरचे दात जिथं लागतेत तो. इंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबतं म्हणून ठराविक जागचेच दात झिजतेत. स्टार्टर मारताना कधी कधी नुसतं खर्रर करत असंल तर कारण हेच. रिंग गिअर वेगळा मिळतो, तो तापवून फुगवून बसवतेत, गार झाला की आवळून बसतो, पण हे काम घरी गॅसच्या शेगडीवर करायचं नाही, सारखा तापला नाही तर दात नरम पडतेत. लेथवाल्याकडंच द्या.

फ्लायव्हील काढताना क्रँक अन् फ्लायव्हील दोन्हीवर पंचनं खूण करा. रिंग गिअरच्या दातात टॉमी अडकवून धरा अन् बोल्ट समोरासमोरचे ढिले करा. शेवटचे दोन बोल्ट अर्धे आत राहू द्या, फ्लायव्हील सैल करून घ्या, मग काढा, नाहीतर बोटं सापडतेत.

लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासायची बाजू सपाट कापून घ्यायची असंल तर छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याकडं, जालन्याला, लातूरला, नांदेडला ही कामं रोजची आहेत, ट्रॅक्टरची फ्लायव्हीलं तर तिथं रांगेत पडलेली असतेत. पण टर्नरला नुसतं "घासून द्या" म्हणू नका. माझ्यासमोर एकानं असंच दिलं तर टर्नर मामा म्हणले, "भाऊ, डाग जाईपर्यंत घेऊ का सपाट होईपर्यंत?" प्रश्न बरोबर होता. वरचा डाग दिसायचा बंद झाला तरी खाली कडक झालेलं लोखंड असतंच, ते काही दिवसांत परत वर येतं. म्हणून सांगायचं की डाग पूर्ण जायला पाहिजे, पण कमीत कमी कट घेऊन, अन् काही दशांश मिलिमीटरमधे जात नसंल तर थांबा, मी नवीन घेतो. काही फ्लायव्हीलमधे प्लेट घासायची जागा अन् प्रेशर प्लेट बसायची जागा यांत पायरी असती, तसं असंल तर दोन्ही जागा सारख्याच कापायच्या. एकच कापली तर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. डॉवेल पिना (प्रेशर प्लेट जागेवर धरणाऱ्या खुंट्या) काढून कापायचं अन् परत ठोकून घ्यायच्या, हे पण सांगा. शेवटी डायल गेज लावून बघायला सांगा, फिरताना काटा ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलायला नको.

नवं घ्यायचं का घासायचं? माझं मत विचाराल तर ८०० सारख्या गाडीचं जुनं मूळ फ्लायव्हील, भेगा नसतील तर, घासून घेतलेलं बरं, कारण ते बिड जुनं अन् दमदार आहे. बाजारात स्वस्तातलं नवीन मिळतं त्याचं बॅलन्सिंग कसं केलंय कुणास ठाऊक. जेन्युइन मिळालं तर मात्र प्रश्नच नाही. अन् एक लक्षात ठेवा, हे सगळं एका तुकड्याच्या साध्या फ्लायव्हीलचं चाललंय. ऑक्टाव्हियासारख्या डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं, ते लेथवर घासत नाहीत, खराब झालं की बदलतेत.

बसवताना

क्रँकचं सील आधी बदला, आता मोकळं दिसतंय, नंतर परत गिअरबॉक्स उतरवावा लागंल. सीलच्या ओठाला जरासं इंजिन ऑइल लावा अन् सरळ बसवा, तिरपं गेलं की गळणारच. इनपुट शाफ्टचं टोक ज्याच्यात जातं ते छोटं बेअरिंग फ्लायव्हीलच्या मधे असंल तर बोटानं फिरवून बघा, खरखर लागली की बदला.

फ्लायव्हीलचे बोल्ट साफ करा, ते आपोआप सुटू नयेत म्हणून थ्रेड लॉक लावा, खुणेवर खूण जुळवा अन् टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्यावर समोरासमोर आवळा. फ्लायव्हीलचा घासायचा भाग अन् नवीन प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरनं पुसा, नवीन प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते तसंच ठेवलं तर पहिल्या दिवशीच क्लच घसरायला लागतो. पुसल्यावर हात लावायचा नाही.

प्लेटची बाजू बघा. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हील साइड असं छापलेलंच असतं. नसंल तर हबचा फुगीर, स्प्रिंगवाला भाग गिअरबॉक्सकडं. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतो अन् क्लच सुटतच नाही. डमी शाफ्ट घालून प्लेट मधोमध धरा, प्रेशर प्लेट डॉवेलवर बसवा, बोल्ट हातानं लावा, मग समोरासमोर थोडे थोडे आवळत जा. हे बोल्ट बारीक असतेत, पाईप लावून जोर करायचा नाही. आवळून झाल्यावर डमी शाफ्ट विनासायास आत-बाहेर व्हायला पाहिजे, अडकत असंल तर ढिलं करून परत.

इनपुट शाफ्टच्या उभ्या खाचांवर ग्रीस एकदम पातळ, बोटानं पुसून राहील तेवढंच, जास्तीचं फिरताना उडून प्लेटवर जातं. रिलीज बेअरिंग सीलबंद असतं, त्याला डिझेलनं-पेट्रोलनं धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) जिथं टेकतो अन् त्याचा शाफ्ट जिथं फिरतो तिथं ग्रीस लावा, फोर्कचे बुश ढिले असतील तर आत्ताच बदला.

गिअरबॉक्स चढवायचं काम संयमाचं. टॉप गिअरमधे टाकून ठेवा अन् साथीदाराला क्रँकचं पुलीकडचं टोक थोडं थोडं फिरवायला सांगा, खाचा जुळल्या की आपोआप आत जातो. दोन लांब बोल्टांची डोकी कापून खुंट्यासारखे लावले तर गिअरबॉक्स त्याच्यावर सरकत सरळ जातो, लै सोपं पडतं. शेवटची फट बोल्ट आवळून मिटवायची नाही, फट राहिली म्हणजे आत काहीतरी जुळलेलं नाही, ओढून घेतलं तर हाउसिंग तरी तडकतं नाहीतर प्लेटचा हब जातो. दोन्ही तोंडं हातानं भिडली की मगच बोल्ट.

बाकीचं उलट्या क्रमानं. ड्राइव्ह शाफ्ट आत जाताना रिंग बसल्याचा टक्क आवाज यायला पाहिजे, ओढून बघा. गिअर ऑइल बाजूच्या बोल्टाच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत भरा, गाडी सपाट असताना. ऑइल भरायला विसरून गाडी चालू केलेले लोक पण आहेत, म्हणून स्टिअरिंगला आधीच चिठ्ठी चिकटवून ठेवा.

केबल नवीन, प्ले आधी सांगितला तसा. स्टार्टर मारायच्या आधी पेडल पाच-सहा वेळा दाबा. मग इंजिन चालू करून क्लच दाबा, दोन सेकंद थांबा अन् रिव्हर्स टाका, खर्र न करता पडला पाहिजे. सुरुवातीला थोडा नवीन अस्तराचा वास येतो, तो जातो.

पहिले पाचेकशे किलोमीटर गावात, सपाटीवर, हळू चालवा. या काळात औट्रम घाटात पाच माणसं अन् कट्टे भरून नेऊ नका, पाहुण्यांना म्हणा पुढच्या महिन्यात. अस्तर बसलं की प्ले परत थोडा बदलतो, केबलचं नट एकदा बघून घ्या, अन् त्याच वेळी हाउसिंगच्या खालच्या कडेला बोट फिरवा, तेल लागलं तर सील नीट बसलेलं नाही.